शेवटच्या वाडीपर्यंत निरोप

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी गावात १९७१ साली देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशाशी होणारं बोलणं तिथल्या थाळीतून उपग्रहाकडे जाऊ लागलं. त्याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि माळीण गाव गाडलं गेलं. ती बातमी बाहेर आली एसटीच्या चालकामुळे. तो गाडी घेऊन गेला, तेव्हा त्याला गाव जागेवर दिसलं नाही. १५१ माणसं गेली. तेव्हाही लोकांच्या खिशात मोबाइल होते, आणि व्हॉट्सॲप भारतात घरोघर पोचायला लागलं होतं.

मेसेजिंग ॲपची तुलना बहुधा तक्त्याने सुरू होते. गटात किती माणसं मावतात, फाइल केवढी जाते, व्हिडिओ कॉलवर किती चेहरे दिसतात. ही माहिती लागतेच आणि पुढे ती येईल. पण या दोन तालुक्यांत बसून आढावा घ्यायचा तर आधी विचारावं लागतं की निरोप कुणाचा आहे, कुणाला आहे, आणि समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे. माझं म्हणणं असं की ॲपची परीक्षा सोयींच्या यादीवर होऊ नये. निरोप ज्याला लागतो त्यालाच, वेळेत, आणि खरा की खोटा हे कळेल अशा रीतीने पोचतो का, यावर ती व्हावी. या कसोटीला लावलं की आज गावांनी सगळा भार ज्या एका ॲपवर टाकला आहे तो धोक्याचा वाटू लागतो.

दोन्ही तालुक्यांचे उभे दोन भाग पडतात. पूर्वेला पुणे-नाशिक रस्ता, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. कुकडी प्रकल्पाचं पाणी, ऊस, टोमॅटो, द्राक्षं, कांदा. इथे फोनला रेंज असते आणि हातात चांगला स्मार्टफोनही असतो. पश्चिमेला भीमाशंकरचा परिसर, आहुपे, डिंभे धरणाच्या पाणलोटाचा वरचा भाग, नाणेघाटाकडची गावं. भातखाचरं, हिरडा, महादेव कोळी आणि ठाकर वाड्या. इथे रेंज गावाला नसते, गावातल्या एखाद्या जागेला असते. टेकाडावर किंवा देवळाच्या ओट्यावर जाऊन फोन लावायचा, हे अजूनही पुष्कळ वाड्यांत चालतं. एकच ॲप पूर्वेकडे एक काम करतं आणि पश्चिमेकडे दुसरंच, म्हणून दोन्हीकडचं वेगवेगळं पाहायला हवं.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करणं भाग आहे, कारण इथे मेसेज करणं म्हणजे व्हॉट्सॲप करणं असंच धरलं जातं. २००९ मध्ये सुरू झालेलं हे ॲप २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. २०१६ च्या एप्रिलपासून त्यातला प्रत्येक संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्याच्या फोनांमध्येच उलगडतो, मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. गटाची मर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. त्याच वर्षी कॉलवर ३२ जण आले, दोन जीबीपर्यंतची फाइल जाऊ लागली आणि अनेक गट एका छताखाली आणणारी 'कम्युनिटी' आली. मोठ्या गावाला १,०२४ ची मर्यादा अपुरी पडते, म्हणून एकेका गावाचे चार-पाच गट असतात. वाडीचा वेगळा, सोसायटीचा वेगळा, भजनी मंडळाचा वेगळा, शिवाय प्रत्येक राजकीय गटाचा आपला स्वतंत्र. कम्युनिटी वापरली तर ग्रामपंचायतीची एकच सूचना सगळ्या वाड्यांच्या गटांत एकदम जाते आणि तिच्याखाली शुभेच्छांचा ढीग साचत नाही. ही सोय इथल्या ग्रामपंचायतींनी जरूर वापरावी.

पूर्व भागात व्हॉट्सॲपने केलेलं काम खरोखर मोठं आहे. कुकडीच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, वायरमनने फीडर कधीपर्यंत बंद ठेवला आहे, हे आता गटावर कळतं. पूर्वी यासाठी चावडीवर किंवा सबस्टेशनवर चक्कर मारावी लागायची. दशक्रिया विधीची सूचना तर आता मुख्यतः इथेच फिरते, आणि मुंबईला माथाडीत, भाजीच्या धंद्यात किंवा डबे पोचवण्याच्या कामात असलेल्या नातेवाइकांना ती त्याच मिनिटाला मिळते. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ आणि खेडबरोबर जुन्नर-आंबेगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गावच्या यात्रेची वर्गणी, कुस्त्यांचा आखाडा, गाडी किती वाजता सुटणार, या सगळ्यासाठी गाव आणि मुंबई मंडळ यांचा एकच गट असतो.

बाजारभावाची गोष्ट जरा थांबून बघण्याजोगी आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या उपबाजारात २० किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. अशा दिवसांत शेतकरी सकाळी तोडा सुरू करण्याआधी गटावर भाव बघतो. इथे फोटो पाठवण्याची सोय लेखी आकड्यापेक्षा उपयोगी पडते, कारण मालाचा रंग आणि प्रत दिसते. पण व्हॉट्सॲपवर भावाचा निरोप तारखेशिवाय फिरतो. कालचा उच्चांकी भाव आज 'आत्ताच आला' म्हणून पुढे जातो, आणि तोडा करून माल बाजारात नेल्यावर कळतं की तो भाव एखाद-दुसऱ्या वक्कलाला मिळाला होता. भावाच्या फोटोवरच बाजार समितीचं नाव, तारीख आणि कमाल-किमान-सरासरी हे तिन्ही आकडे असावेत, एवढा दंडक बाजार समितीने आणि गटांच्या ॲडमिननी पाळला तरी पुष्कळ भागेल. त्यासाठी ॲप बदलायची गरज नाही.

आणखी एक सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती म्हणजे आवाजी संदेश. २०१३ पासून ती व्हॉट्सॲपवर आहे. टाइप न येणारी आजी मुंबईतल्या नातवाला बोलून निरोप पाठवते आणि नातवाचा परत ऐकते. मराठी टायपिंगची अडचण बोलून लिहिण्याच्या सोयीने थोडी कमी केली आहे, पण आवाजी संदेशात माणूस कळतो, काळजी कळते. टेलिग्राम, सिग्नल, अरट्टई या इतर ॲपमध्येही ही सोय आहेच. फरक एवढाच की आजी तिथे नाही.

व्हॉट्सॲपची खरी कुचंबणा जागेची आहे. सगळं फोनवर साठतं. ३२ जीबीचा फोन सुप्रभातच्या चित्रांनी भरतो आणि नेमका सातबारा किंवा विम्याची पावती उतरवायची वेळ येते तेव्हा जागा नसते. फोन हरवला, पाण्यात पडला, तर बॅकअप असल्याशिवाय जुनं काही परत मिळत नाही, आणि अँड्रॉइडवर तो बॅकअप आता गुगलच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो. कागदपत्रांचे फोटो साधे पाठवले तर ते दाबले जाऊन अक्षरं फिसकटतात. सातबारा, दाखले, बँकेचं पासबुक नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं. सेतू केंद्राची निम्मी फेरी त्याने वाचते.

साठवणीच्या बाबतीत टेलिग्राम सरळ पुढे आहे. २०१३ मध्ये पावेल आणि निकोलाय दुरोव या भावांनी ते सुरू केलं. त्यातलं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, फोन बदलला तरी परत मिळतं, गटात दोन लाख माणसं बसतात आणि चॅनेलला मर्यादाच नाही. म्हणून पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे आहेत. घोडेगाव किंवा ओतूरच्या अभ्यासिकेतल्या मुलाला पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेणं परवडत नसेल, तर मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींचे पीडीएफ आणि सरावाच्या प्रश्नमंजुषा त्याला टेलिग्रामच्या चॅनेलवर मिळतात. नव्याने आलेल्याला मागचं सगळं दिसतं, ही सोय शिकणाऱ्यासाठी फार मोठी आहे. व्हॉट्सॲपच्या गटात उशिरा आलेल्याचं मागचं बहुतेक सगळं हुकतं. कृषी विज्ञान केंद्रांचे सल्लेही अशा चॅनेलवर ठेवले, तर यंदाच्या करप्याबद्दल पुढच्या वर्षी शोधून वाचता येईल. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, त्याने हा विचार करायला हरकत नाही.

मात्र टेलिग्रामचं साधं संभाषण व्हॉट्सॲपसारखं कुलूपबंद नसतं. ते कुलूप फक्त दोघांमधल्या 'सीक्रेट चॅट'मध्ये आहे, आणि ते आपण होऊन चालू करावं लागतं. गटाला ते मिळतच नाही. टेलिग्राम म्हणजे जास्त गुप्त, अशी जी समजूत मुलांमध्ये आहे ती उलटी आहे. शिवाय घरबसल्या कामाचे पैसे, परीक्षेचा फुटलेला पेपर, शेअरबाजाराच्या टिपा अशा नावांनी फसवणाऱ्यांचा सुळसुळाट तिथे आहे, आणि चॅनेल चालवणाऱ्याचा फोन नंबर दिसत नसल्याने तक्रार कुणाविरुद्ध करायची हेही कळत नाही. अभ्यासाच्या फाइली घ्याव्यात, पैशाचा व्यवहार तिथे करू नये.

सिग्नलबद्दल थोडक्यात. ना नफा तत्त्वावरची संस्था ते चालवते. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी दिलेल्या पाच कोटी डॉलरवर ती उभी राहिली, आणि व्हॉट्सॲपचं कुलूपही मुळात सिग्नलच्याच पद्धतीचं आहे. तुमच्याबद्दल ते जवळजवळ काहीच साठवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण आणलं तेव्हा इथेही अनेकांनी सिग्नल उतरवलं, चार दिवस वापरलं आणि सोडलं, कारण पलीकडे कुणी नव्हतं. त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकला, २१३ कोटी रुपयांचा दंड केला, तोवर गावातले सगळे परत जुन्या जागी आले होते. तरी एका कामासाठी मी सिग्नलचा आग्रह धरीन. आशा सेविका आणि आरोग्य केंद्र यांच्यात रुग्णांची नावं, तपासण्या, बाळंतिणीची माहिती जाते. ती पन्नास जणांच्या गटावर फोटो काढून टाकली जाते, तेव्हा एका बाईचा आजार गावभर होतो. पाच-सात जणींचा छोटा गट, आठवड्याने आपोआप पुसले जाणारे संदेश, एवढं सिग्नलवर सहज होतं. व्हॉट्सॲपवरही पुसले जाणारे संदेश आहेत, पण तिथे खासगी आणि सार्वजनिक इतकं सरमिसळ झालंय की बोट चुकून भलत्या गटावर पडतं.

अरट्टई हे झोहो या भारतीय कंपनीचं ॲप २०२१ पासून होतं, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची एकदम लाट आली. कमी रेंजमध्ये आणि साध्या फोनवर चालावं असा त्याचा रोख आहे, जो पश्चिम पट्ट्यासाठी योग्यच आहे. लाटेच्या वेळी त्याचे कॉल कुलूपबंद होते, लिखित संदेश नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने ते काम हाती घेतलं. देशी आहे म्हणून ते उतरवणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण हाइकची आठवण ठेवायला हवी. २०१२ मध्ये आलेलं हे भारतीय ॲप तरुणांत खूप चाललं, आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं. हाइकमध्ये २०१५ साली अशी सोय आली होती की इंटरनेट नसताना शंभर मीटरच्या आत दोन फोन थेट बोलत. ती सोय रेंज नसलेल्या गावांसाठी वाढवली गेली असती, तर आज तिचं मोल कळलं असतं.

आता बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि उसाच्या फडात जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे हा इथला रोजचा विषय आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यातूनच उभं राहिलं. मेसेजिंग ॲपच्या गुणदोषांची इथल्यासारखी परीक्षा दुसरीकडे क्वचितच होत असेल.

संध्याकाळी गटावर फोटो येतो, 'आपल्या शिवारात बिबट्या, सावध राहा'. फोटोत बिबट्या असतो, पण शिवार कुणाचं ते कळत नाही. तो कधीचा, कुठला, कुणी काढला, काही नाही. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रंही फिरतात. अंगणात, पोर्चमध्ये, शाळेच्या भिंतीवर बसलेला बिबट्या हुबेहूब तयार करता येतो. असा एक खोटा फोटो मुलांची शाळा बुडवतो, रात्री पाणी भरायला जाणाऱ्याचं आवर्तन वाया घालवतो, आणि वन खात्याची गाडी भलत्या गावी पळवतो. अशा पाच अफवांनंतर सहावा खरा निरोप आला की त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला जास्त भीती या शेवटच्या गोष्टीची वाटते.

अफवेचं टोक महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलपासून अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. ही बंधनं चांगलीच आहेत. पण गावातली अफवा पाच गटांतच पुरेशी पसरते, आणि बिबट्याचा फोटो कुणी नव्याने टाकला की बाण दिसत नाही.

संदेश कुलूपबंद असल्याने मूळ कुणाचं ते कंपनीला सांगता येत नाही, आणि जबाबदारी ॲडमिनवर येऊन पडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर, त्याला दोषी धरता येत नाही. कायद्याने तो सुटला तरी गावाच्या दृष्टीने त्याच्या हाती एक हत्यार आहे: २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. बिबट्याच्या फोटोला जागा, वेळ आणि पाहणाऱ्याचं नाव नसेल तर तो पुसायचा, असं ठरवून जे ॲडमिन वागतात त्यांच्या गटावर लोक विश्वास ठेवतात.

दुरुस्तीच्या बाबतीत ॲपमधला फरक इथे खरंच महत्त्वाचा ठरतो. व्हॉट्सॲपवर संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, टेलिग्रामवर दोन दिवसांपर्यंत. बिबट्या सापळ्यात अडकल्यावर 'सावध राहा'चा संदेश तिथल्या तिथे 'पकडला, वन खात्याने नेला' असा करता आला तर घबराट थांबेल. व्हॉट्सॲपवर तो तसाच पुढे तीन दिवस हिंडत राहतो. अर्थात पुढे पाठवलेल्या प्रती दोन्हीकडे जुन्याच राहतात. म्हणून इशाऱ्यांचं मूळ ठिकाण एकच असावं, वन खात्याचं किंवा ग्रामपंचायतीचं चॅनेल, आणि लोकांनी प्रत न पाठवता दुवा पाठवावा. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसासाठी व्हॉट्सॲपची आठ तासांपर्यंत चालणारी थेट लोकेशनची सोयही वापरावी. माणूस शेतात कुठल्या बांधावर आहे हे घरच्यांना दिसत राहतं. आणि बिबट्या खरोखर दिसला तर गटाच्या आधी वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

तरीही हे सगळं ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे आणि जो गटात आहे त्याच्यासाठी. उसाच्या फडात सर्वांत जास्त धोका कुणाला असतो? बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोडणी कामगारांना. ती कुटुंबं फडाशेजारी कोपी करून राहतात, मुलं उघड्यावर झोपतात. मेंढपाळांचे वाडेही तसेच उघड्या रानात. यांतलं कुणी गावच्या गटात नसतं. शेतमालकाला इशारा मिळतो, तो आपल्या बंगल्याचं दार लावतो. कोपीत तो निरोप जात नाही. सोयींच्या कुठल्याच तक्त्यात ही उणीव दिसत नाही, कारण ती ॲपमध्ये नाही, गटाच्या यादीत आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर या इथल्या साखर कारखान्यांकडे तोडणी टोळ्यांच्या मुकादमांचे नंबर असतातच. हंगाम सुरू होताना मुकादमांचा एक गट करून वन खात्याच्या इशाऱ्यांशी जोडणं हे एका दुपारचं काम आहे.

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वापरात असलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा मला या सगळ्या ॲपपेक्षा जास्त भरवशाची वाटते. ठरलेल्या क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात घटना सांगायची: चोर आलेत, आग लागलीय, बिबट्याने हल्ला केलाय. तोच आवाज परिसरातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनांवर कॉल म्हणून वाजतो. यात इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो, वाचता येत नसलं तरी चालतं, आणि रात्री दोनला फोन वाजून माणूस उठतो. सायलेंटवर टाकलेल्या गटाने कुणी उठत नाही. शिवाय बोलणाऱ्याचा नंबर नोंदला जातो, त्यामुळे अफवा पसरवायला कुणी धजत नाही. मर्यादा दोन: नाव नोंदलेलं हवं, आणि टॉवर चालू हवा. नंबर बदलला की माणूस यादीतून गळतो आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नोंदणी न लागणारी एक गोष्टही हाताशी आहे. २०२३ मध्ये देशभर फोन एकदम वेगळ्याच आवाजात वाजले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा आला, ते आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची पद्धत. त्या टॉवरखाली जो कुणी आहे, बीडचा कामगार असो की लेण्याद्रीला आलेला भाविक, त्याच्या फोनवर इशारा उमटतो. आज ती मुख्यतः हवामान आणि आपत्तीसाठी आहे. दरडीसाठी ती पश्चिम पट्ट्यात नेमकी वापरली गेली पाहिजे, मराठीत, आणि गावाचं नाव घालून.

पश्चिमेकडे वळलं की ॲपची तुलना बरीचशी गळून पडते. तिथे व्हॉट्सॲपवरची एकच करडी खूण बोलते: निरोप गेला, पोचला नाही. कंपनी तो तीस दिवस सांभाळते. माणूस रेंजच्या टेकाडावर आला की सगळे निरोप एकदम उतरतात, त्यात तीन दिवसांपूर्वीचा 'आज डॉक्टर येणार आहेत' हाही असतो. ब्लूटूथवर फोनातून फोनात उड्या मारत जाणाऱ्या ब्रायर, बिटचॅट अशा ॲपबद्दल शहरात उत्साहाने बोललं जातं. शहरातल्या गर्दीत ते चालेल. इथे दोन वाड्यांत एक डोंगर आणि ओढा असतो. ब्लूटूथ थोड्याच अंतरापर्यंत जाणार, मध्ये फोन असलेलं माणूसच नाही.

साधा एसएमएस मात्र अजून कामाचा आहे. इंटरनेट चालत नाही इतक्या क्षीण रेंजमध्येही तो जातो आणि फोन चालू झाला की उतरतो. त्याची एक अडचण मराठी लिहिणाऱ्यालाच भोगावी लागते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे दहा-बारा शब्द. 'दरड पडली. रस्ता बंद. एसटी येणार नाही.' एवढं बसतं, आणि एवढंच पुरतं. तहसील कार्यालयाकडून येणारे इशारे लांबलचक सरकारी मराठीत असतात, तुकड्यांत मोडून येतात आणि एखादा तुकडा मागे राहतो. सत्तर अक्षरांत मावणारे पाच-सहा इशारे आधीच लिहून ठेवावेत.

टॉवर हाच शेवटी कळीचा मुद्दा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मोबाइल न पोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिलं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या गावांना अशाच योजनेची आशा आहे, कारण खासगी कंपन्यांना तिथे गिऱ्हाईक परवडत नाही. पूर्वेला खोडदच्या आसपास अडचण निराळी. जीएमआरटी ज्या लहरी ऐकते त्यांच्या पट्ट्यातच मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यामुळे परिसरात टॉवर उभारताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. विज्ञानासाठी हे बंधन योग्य आहे, आणि तेवढ्यापुरती गावांची सोय इतर लहरींवर करून देणं हीही जबाबदारी आहे. टॉवर असूनही उपयोग होत नाही तो पावसाळ्यात. तीन दिवस लाईट गेली की टॉवरची बॅटरी उतरते, आणि सगळ्यांत जास्त गरज असते तेव्हाच तो मुका होतो.

फसवणुकीबद्दल सांगायलाच हवं. 'लग्नाची पत्रिका', 'पीएम किसान', 'ई-चलन' अशा नावांची एपीके फाइल गटावर येते, ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधी ताब्यात गेलेला असतो. ती उघडली की ॲप बसतं, ओटीपी वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. पत्रिका फोटोची किंवा पीडीएफची असते. नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हात लावू नये, आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० वर फोन करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप फोनमधल्या चालू सिमशीच बांधलेलं असावं असा आदेश काढला, तो अशाच गुन्ह्यांमुळे. त्याचा हेतू मला पटतो. पण मुलाने दिलेल्या जुन्या फोनवर, सिम न घालता, वायफायवर व्हॉट्सॲप वापरणारी म्हातारी माणसं घराघरात आहेत, त्यांचा विचार अशा आदेशात दिसायला हवा.

एक व्यवहार मात्र या सगळ्यापासून दूर उभा आहे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, फडमालकाशी बोलून यात्रेची सुपारी ठरते. फोन सगळ्यांकडे आहेत, व्हिडिओवर फडाची कामं बघता येतात, तरी ठराव समोरासमोर होतो. रक्कम मोठी, तारीख एकच, आणि शब्द मोडला तर गावाची यात्रा बिघडते. म्हणून माणूस बघून बोलणं करायचं. गावांनी कुठला निरोप ॲपवर सोडायचा आणि कुठला नाही, याचा विवेक इथे शाबूत आहे. इशाऱ्यांच्या बाबतीतही तोच लावता येईल.

त्याला वेळही ठरलेली आहे. १ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावर होते. त्या सभेत ग्राम सुरक्षा यंत्रणेची यादी वाचून दाखवावी, बदललेले नंबर दुरुस्त करावेत, ग्रामपंचायतीच्या गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करावी, वाडीतली रेंजची जागा कोणती ते नोंदवावं आणि जोरदार पावसात तिथे दिवसातून दोनदा जाऊन निरोप उतरवण्याचं काम एका तरुणाला द्यावं. दरडीच्या पायथ्याशी असलेली घरं प्रशासनाला माहीत आहेत. त्यांतल्या ज्या घरात फोन नाही, किंवा आहे पण कानाने ऐकू येत नाही, त्या घरी निरोप घेऊन कोण जाणार, त्याचं नाव त्याच यादीत, त्या घराच्या पुढे लिहिलेलं असावं.